संपादक बसवणारे मास्तर

आमच्या धनजला बसवण्याचं फार कौतुक. भादव्यात गणपती बसवतात, नवरात्रात देवी बसवतात, विहिरीवर मोटर बसवतात, पडलेल्या दाताच्या जागी कारंज्याला जाऊन दुसरा बसवून आणतात. पण संपादकही बसवतात, हे मला मास्तरांमुळे कळलं. एका सकाळी ते आमच्या ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "काल त्या खालच्या आळीत एक एडिटर बसवला. मस्त चालून रायला." एडिटर म्हणजे पेपरचा संपादक, एवढं इंग्रजी माझ्या आईला येतं. ती आतून म्हणाली, "मंग त्याच्या जेवाखायाचं कोण पायते?"

मास्तरांचा एडिटर जेवत नाही. संगणकावर नुसता मजकूर लिहायचा जो साधा प्रोग्राम असतो, तो हा. ठळक नाही, तिरपं नाही, रंग नाही, फुलांची चौकट नाही. पाटी आणि पेन्सिल. गावात ज्याच्या घरी जुना संगणक माळ्यावर पडलाय, त्याच्याकडे मास्तर एक ना एक दिवस जाणार, त्याची धूळ झटकणार आणि त्यात एडिटर बसवून येणार. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, आणि चहा संपेपर्यंत तुम्हाला ऐकून घ्यावं लागतं. चहा ते फार हळू पितात.

मास्तर मूळचे टायपिंगचे. कारंज्यात त्यांचा क्लास होता. ओळीनं मांडलेल्या गोदरेज आणि रेमिंग्टन, मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी तीस, इंग्रजी चाळीस. ज्याला सरकारी नोकरीची आशा होती त्या प्रत्येक पोराची बोटं मास्तरांनी वळवली. एप्रिल २०११मध्ये गोदरेजनं टंकयंत्रं बनवणं थांबवल्याची बातमी जगभर झळकली, तेव्हा मास्तरांकडे लोक भेटायला आले होते, जसे कुणाच्या घरी कुणी गेल्यावर येतात तसे. पुढे सरकारी परीक्षाही संगणकावर गेली आणि मास्तर यंत्रं मोडीत देऊन धनजच्या घरी परतले. बोटं मात्र मोडीत गेली नाहीत. बोलताना ती मांडीवर टाईप करत असतात. बोटं थांबली की समजावं, मास्तरांना तुमचं म्हणणं पटलं तरी आहे किंवा झोप तरी लागली आहे.

खिशात एक पितळी डबी. तिच्यात तंबाखू, चुना आणि पेनड्राइव्ह. त्यामुळे त्यांनी बसवलेल्या प्रत्येक एडिटरला पहिले चार दिवस एक खमंग वास येतो, असं पोरं म्हणतात.

मास्तरांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. "लिव्हाले जेवढं लागते तेवढंच उघडाव." चार ओळींच्या अर्जासाठी कुणी वर्ड उघडलं की त्यांना सहन होत नाही. म्हणतात, "चहा प्यायाले मंगल कार्यालय भाड्यानं घेतं का रे?" साहेबाच्या देशातला दाखलाही त्यांच्याकडे तयार असतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन नावाचे अमेरिकन कादंबरीकार, ज्यांच्या पुस्तकांवर ती राजेराजवाड्यांची गाजलेली मालिका झाली, ते आपल्या कादंबऱ्या इंटरनेट नसलेल्या डॉसच्या संगणकावर, वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. वर्डस्टार १९७८ सालचं. ही गोष्ट मास्तर अशा काही आवाजात सांगतात, की मार्टिनसाहेबांकडे तो मास्तरांनीच बसवून दिला असावा.

"पण मास्तर, संगणक बदला ना आता," असं कुणी म्हटलं, तर शकुंतला निघते. मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जायची ती आमची छोटी गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९२१ सालचं, मँचेस्टरला बनलेलं, आणि ते थेट १९९४पर्यंत धावलं. "मँचेस्टरचं लोखंड सत्तर वर्षं चालते, अन तुमचा कंप्युटर पाच वर्षांत म्हातारा होते? कंप्युटर नाई म्हातारा होत बाप्पा, तुमची हौस म्हातारी होते." अपडेट या शब्दाचा त्यांना विशेष राग. "धनज १ जुलै १९९८ ले अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्ह्यात गेलं. गाव एक इंच हाललं नाई. याले म्हंतात अपडेट."

मास्तरांचा स्वतःचा संगणक देवघराशेजारी आहे. वर मास्तरीणबाईंनी विणलेलं लोकरीचं आच्छादन, मागे फुगीर पाठीचा मॉनिटर, आत विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. मास्तर म्हणतात, "त्यायनं थांबवली, आपन थोडीच थांबवली." बटण दाबलं की यंत्र घरघरतं, मग काळ्या पडद्यावर तक्रार करतं, की माझी स्मरणशक्ती गेली आहे, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. मास्तर आचमनासारखं एफ-वन दाबतात. कारण साधं आहे. आतल्या पाटीवर जुन्या चार आण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. वीज गेली तरी तारीख-वेळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो मरून कैक वर्षं झाली. का बदलत नाहीत ते शेवटी सांगतो, कारण मलाही ते शेवटीच कळलं.

पडद्यावर चित्रांची एक उभी ओळ आहे. ते सगळे एडिटर. मास्तर बसवतात, पण काढत नाहीत. "नवीन सून आली म्हून सासूले घराबाहेर काढतं का?" अशा पाच सासवा तिथे नांदतात. त्यांतली सगळ्यात थोरली म्हणजे विंडोजसोबत फुकट येणारं नोटपॅड. ते तर १९८५च्या पहिल्या विंडोजपासून आहे.

या नोटपॅडवर मास्तर शाळेतल्या पोरांना एक जादू दाखवतात. इंग्रजीत चार शब्द टाईप करतात, ‘बुश हिड द फॅक्ट्स’. फाइल जतन करतात, बंद करतात, पुन्हा उघडतात. इंग्रजी गायब आणि जागेवर नऊ चौकोन. पोरं टाळ्या पिटतात. कुणी म्हणतं, अमेरिकेचा काही डाव आहे. मास्तर त्याला मांडीशी बसवून खरं सांगतात. फाइलीत मजकूर कुठल्या पद्धतीनं लिहिलाय, हे एक्सपीचं नोटपॅड अंदाजानं ठरवतं. त्या अठरा अक्षरांची ठेवणच अशी, की त्याला वाटतं ही दोन-दोनची जोडी करून वाचायची. जोड्या लावल्या की निघतात चिनी अक्षरं, आणि चिनी फॉन्ट नसला की चौकोन. "यंत्राले अंदाज करू देऊ नये," हे या कथेचं तात्पर्य. ते ऐकलं असतं, तर पुढचं रामायण घडलं नसतं.

आमच्या घरी २००४ सालचा एक संगणक आहे. त्यात मराठी बसवायला मास्तर फार आधी येऊन गेले होते. त्यांनी मला प्रादेशिक भाषांची एक खिडकी उघडून दाखवली. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, की अवघड लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा बसवायच्या असतील तर इथे बरोबरची खूण करा, आणि कंसात, थाईसह. मी म्हटलं, "मास्तर, आपल्याले तं मराठीच पायजे." ते म्हणाले, "लग्नात नवरी आनली का सोबत करवली येतेच. कर खूण." खूण केली, तर यंत्रानं विंडोजची सीडी मागितली. सीडी आईनं मिरचीच्या रोपांवर पाखरं हाकलायला दोऱ्यानं टांगली होती. मास्तरांनी ती सोडवली, धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या घरात मराठी, उर्दू, अरबी, हिब्रू आणि थाई या सगळ्या भाषा एका दुपारी नांदू लागल्या. मिरचीचं नुकसान झालं.

पुढे एका चैत्रात हनुमान जयंतीचा भंडारा होता. वर्गणीदारांची यादी करायचं काम माझ्याकडे. सव्वाशेच्या वर नावं, चिटोऱ्यांवर लिहिलेली. मी रात्री बसून नोटपॅडमध्ये सगळी टाईप केली. श्री अमुक, वडिलांचं नाव, आडनाव, रक्कम. आकडे सवयीनं इंग्रजी टाकले. जतन करताना यंत्रानं इंग्रजीत एक लांबलचक काहीतरी विचारलं. आपण बँकेचा फॉर्म वाचून सही करतो का? मी ‘ओके’ दाबलं आणि झोपलो. सकाळी आईनं चिटोरे चुलीत घातले. म्हणाली, "आता कंप्युटरात हाये ना."

कंप्युटरात होतं. फाइल उघडली, तर सव्वाशे ओळी अशा:

???? ?????? ?????? ?????? – 501

यंत्रानं विचारलं होतं ते एवढंच, की तू जुन्या इंग्रजी पद्धतीनं जतन करतोयस, त्यात मराठी मावणार नाही, तरी करू का? मी म्हटलं होतं, कर. त्यानं केलं. जे अक्षर मावलं नाही त्याच्या जागी इमानदारीनं एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. आकडे इंग्रजी होते म्हणून वाचले. म्हणजे कुणी दिले ते कळेना आणि किती दिले ते मात्र लख्ख. मारोतीचे पुजारी चष्मा वर करून म्हणाले, "एवढं गुप्तदान म्या आजपावेतो नाई पाह्यलं."

मास्तरांना बोलावणं गेलं. ते आले, पडद्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद पसरला. पन्नास वर्षांचा वैद्य, आणि आज पहिल्यांदा पुस्तकातला रोग दारात. "चहा ठेव," म्हणाले. "हे निंघते."

मग त्यांनी मला शिकवलं, की यंत्राच्या लेखी अक्षर म्हणजे आपलं अक्षर नव्हे. क एक, त्याची वेलांटी वेगळी एक, अनुस्वार वेगळा एक, पाय मोडला तर तो मोड वेगळा एक. श्री आपल्याला एक दिसतं, यंत्र ते श, मोड, र आणि वेलांटी असं चार मोजतं. "म्हून पाय, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीले चार प्रश्नचिन्हं. तो झाला श्री. सव्वाशे शब्द तं बसल्या जागी सापडले." पुढची तीन बंडलं म्हणजे नाव, वडील, आडनाव. मधल्या मोकळ्या जागा शाबूत होत्याच. मास्तर गावातल्या माणसांची नावं मनातल्या मनात मांडीवर टाईप करत, मोजत आणि जुळवत सुटले. सहा-पाच-सात, ५०१ रुपये? हा नक्की दवाखान्याजवळचा. चार-सहा-चार, २१ रुपये? याची ऐपत जास्त हाये, पन हात आखूड, तोच असन. प्रश्नचिन्हं आणि स्वभाव या दोनच साधनांवर सूर्य मावळेपर्यंत शंभराच्या वर माणसं निघाली.

मधेच मास्तर थबकले. "अरे, मारोती लिव्हलं का सहा होते. विठ्ठल लिव्हलं तरी सहाच. महादेव बी सहा." बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. मग मारोतीच्या देवळाकडे तोंड करून हात जोडले. "संतायनं जे सांगतलं तेच यंत्र सांगून रायलं. देव एकच हाये."

शेवटी दोन ओळी अडल्या. दोघं चुलतभाऊ. नावाला सारखी चिन्हं, वडिलांच्या नावाला सारखी, आडनाव तर एकच. एका ओळीत ५०१, दुसरीत ५१. दोघांनाही ओट्यावर बोलावून विचारलं. दोघांनीही ५०१ दिले होते. ५१ देणारा धनजमध्ये कुणी जन्मलाच नव्हता. मास्तर म्हणाले, "इथं शास्त्र संपलं." वरचे ४५० रुपये मी भरले, कारण ‘ओके’ मीच दाबलं होतं.

पंधरा दिवसांनी मास्तर पितळी डबी घेऊन हजर. आमच्या संगणकात नवा संपादक बसवायचा होता. नोटपॅड प्लस प्लस. २००३ सालापासूनचा, फुकट, तीन-चार एमबीचा. पण त्यातही मास्तरांची निवड ठरलेली, ७.९.२. त्याच्या पुढचे एक्सपीवर चालत नाहीत. "नवा आला म्हून नवा घेऊ नये. आपल्या जमिनीत कोनतं बियानं येते ते पाहाव." एक्सपीतलं जुनं ब्राउझर आजच्या संकेतस्थळांना ओळखत नाही आणि तीही त्याला दारात उभं करत नाहीत. म्हणून नातवाच्या मोबाइलवर उतरवायचं, मोबाइलवरून पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह डबीत आणि डबी आमच्या ओट्यावर, असा त्याचा प्रवास झाला होता.

बसवायला घेतलं की पहिल्यांदा परवान्याचं इंग्रजी पान येतं. जगातले सगळे लोक तिथे ‘मान्य’ म्हणून पुढे जातात. मास्तर बोट ठेवून वाचायला लागले. मी म्हटलं, "मास्तर, हे कोनी वाचत नाई." ते म्हणाले, "तू नाई वाचलं, साडेचारशे गेले. वाचू दे." तीन चहा झाले. आई दोनदा डोकावून गेली. शेवटी मास्तरांनी चष्मा काढला. बोटं थांबली होती.

"बाबू, हा लिव्हते का, घ्या, वापरा, दुसऱ्याले वाटा. फक्त वाटसान तं आतलं मूळ बी वाटा, दाबून ठेवू नका. समजलं? बीटी कापसाचं बियानं दरसाल दुकानातून आनाव लागते. सोयाबीनचं घरचं ठेवता येते, शेजाऱ्याले देता येते. हे सोयाबीन हाये." मुक्त सॉफ्टवेअरवरची भाषणं मी पुढे बरीच ऐकली. या दोन पिकांच्या पुढे कुणी गेलं नाही.

मग नेक्स्ट, नेक्स्ट, आणि दोन मिनिटांत संपादक बसला. मास्तरांनी नवीन फाइल कायम यूटीएफ-८ पद्धतीनंच उघडावी अशी तजवीज केली, म्हणजे मराठी पुसली जायचा प्रश्न मिटला. पडद्यावर ‘श्री’ लिहिलं, जतन केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. श्री जागेवर होता. आईनं बाहेर येऊन मॉनिटरला हळदकुंकू लावलं आणि मास्तरांना जेवायला वाढलं. संपादकाच्या जेवाखायाचा प्रश्न तिच्या परीनं तिनंही मिटवला.

मास्तरांनी गावात असे किती बसवले असतील त्याची गणती नाही. मास्तरीणबाई म्हणतात, "इतके संपादक बसवले, पन घरातून एक पेपर तं निंघाला नाई." हे मात्र खरं. मास्तर इतरांना लिहायची सोय करून देतात, पण ते स्वतः काय लिहितात? मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी आच्छादन काढलं, यंत्र चालू केलं, एफ-वन दाबलं, आणि थोरल्या सासूबाई, म्हणजे नोटपॅड, उघडून एक फाइल दाखवली.

नोटपॅडची एक जुनी खुबी आहे. फाइलीच्या पहिल्या ओळीत टिंब देऊन इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘लॉग’ लिहिलं, की ती फाइल दर वेळी उघडताच शेवटी त्या क्षणाची वेळ आणि तारीख आपोआप उमटते. मास्तर रोज पहाटे ती उघडतात, कंट्रोल-एस करतात आणि बंद करतात. हजारो नोंदी. खाली क्वचित एखादा शब्द, इंग्रजी अक्षरांत टाईप केलेला. पाऊस. सोंगणी. नातू आला. एके ठिकाणी ‘लाइन जाईन वाटते’, आणि त्याच्या खाली काही नाही.

पण सेल मेलेला. त्यामुळे वीज बंद झाली की त्या यंत्राचं घड्याळ मूळपदाला जातं आणि प्रत्येक पहाटे तिथे रात्रीचे बारा वाजून १ जानेवारी २००२ उजाडतं. हजारो नोंदी आणि सगळ्यांवर तारीख एकच. मी म्हटलं, "मास्तर, चार आण्याएवढा सेल. कारंज्याहून आनून देतो."

"कायले?" मास्तर म्हणाले. "रोज नवं साल, रोज एक तारीख. कोनाच्या घरी असते? एक्सपी बाजारात येऊन दोन महिने झाले होते. बीटी कपाशी याची होती. अन माया क्लासात तीन बॅचा होत्या, पहाटची धरून." बोटं मांडीवर चालूच होती.

मी फाइल वरून खालपर्यंत पाहिली. घड्याळ बाराला सुरू होतं, म्हणून नोंदीतली मिनिटं म्हणजे यंत्राचं बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंतचा वेळ. सगळ्यात वरची नोंद बारा वाजून दोन मिनिटांची आहे. सगळ्यात खालची बारा वाजून अकरा. मास्तरांना लिहायला बसायला आता नऊ मिनिटं जास्त लागतात. त्यांतली यंत्राची किती आणि गुडघ्यांची किती, ते फाइलीत लिहिलेलं नाही.